सदतिसाव्या पानावरची पेन्सिलीची खूण

काकाजींना,
सादर नमस्कार.

काल रात्री कादंबरी पुरी झाली. शेवटचं पान लिहिलं आणि पहिली आठवण तुमची आली. मुखपृष्ठावर तुम्ही तुमचं नाव येऊ देणार नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

वरुड तालुक्यात बसून मुंबईच्या न्यूजरूमवर विनोदी रहस्यकथा लिहायची, तर विचारणार कुणाला? रात्री नऊच्या बुलेटिनला, निवेदकाला वाचायचा मजकूर दाखवणाऱ्या प्रॉम्प्टरवर बजेटच्या बातमीऐवजी भरल्या वांग्याची कृती येते, एवढंच माझ्याजवळ होतं. प्रॉम्प्टर कसा असतो हेही ठाऊक नव्हतं. तुम्ही संत्र्याच्या बागेत खाटेवर मोबाइल ठेवला, त्यावर उलटी अक्षरं आणली आणि वर खिडकीची काच तिरपी धरली. काचेत अक्षरं सुलटी झाली. त्याच काचेपलीकडून तुमचा डोळा मला दिसत होता. "इथं कॅमेरा राहते," तुम्ही म्हणालात. तो प्रसंग जसाच्या तसा कादंबरीत घेतला आहे.

रनडाऊन म्हणजे बातम्यांच्या क्रमाची यादी, टॉकबॅक म्हणजे कंट्रोल रूममधून कानात येणाऱ्या सूचना, पीसीआरमधली (प्रॉडक्शन कंट्रोल रूममधली) आरडाओरड हे सगळं तुमच्याकडूनच कळलं. पण खरं ऋण सदतिसाव्या पानाचं. गावातून ओबी व्हॅनवरून, म्हणजे उपग्रहाकडे सिग्नल पाठवणाऱ्या गाडीवरून, लाइव्ह असलेला माझा वार्ताहर प्रश्न संपताच उत्तर देत होता. तुम्ही तिथे पेन्सिलीने खूण केली : "हा लगेच काहून बोलते? सिग्नलले वर जाऊन खाली याले वेळ लागते ना बाप्पा!" उपग्रह 36,000 किलोमीटरवर. नुसतं जायला-यायलाच पाव सेकंद, वर यंत्रांचा वेळ वेगळा. ती माझी चूक होती. रात्रभर झोप लागली नाही, आणि पहाटे कळलं की कोडं इथेच सुटतं. जो न थांबता बोलतो, तो गावात नाहीच!

हे ओळखतो तो तालुक्याचा स्ट्रिंगर, म्हणजे चॅनेलला बातम्या पुरवणारा, पगारावर नसलेला बातमीदार. आधी मी त्याला नुसता हसण्यापुरता ठेवला होता. "त्याले हासू नको. भर उन्हात मोटरसायकलवर फुटेज आणते तोच," हे तुम्ही रागाने बोललात, ते बरं झालं. कानात इअरफोन घालून प्रश्न-उत्तरामधली ती पोकळ शांतता त्याच्याइतकी कुणी ऐकलेली नाही. आता कादंबरीत सगळ्यांत जास्त हसवतो तोच, आणि चोर पकडतोही तोच.

मृगबहाराची तोडणी आटोपली की छापायला देण्याआधीची प्रत घेऊन येते. पेन्सिल टोक करून ठेवा.

तुमची,
शेजारच्या वावरातली पोरगी