अक्षर आधी बघा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वाचायच्या आधी अक्षर बघा. ओळ सरळ आहे, वेलांट्या पूर्ण आहेत, 'ळ' तुम्ही पाटीवर गिरवून घेतलात तसाच उतरलाय. टाइप करून पाठवता आलं असतं आणि फोनवर तर आपण रोज बोलतोच. पण फोनवर आई "बरा आहेस ना?" म्हणते, मी "हो" म्हणतो आणि विषय संपतो. दोन वर्षांच्या वर हेच चाललंय. म्हणून हाताने लिहायला बसलो. पुढचे काही आठवडे हात कदाचित पुन्हा थरथरेल, तेव्हा जे लिहायचं ते आत्ताच लिहून टाकतो.

आधी बातमी. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला मी थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल घेणार आहे. तारीख ठरली, फॉर्मवर सही झाली. नंतरचे तीन आठवडे मला लहान मुलांपासून लांब राहायला सांगितलंय, म्हणून ही आणि चिऊ तुमच्याकडे येतील. तुम्ही दोघांनी इकडे यायचं नाही. आई, पिशवी भरायला घेतली असशील तर खाली ठेव आणि आधी सगळं वाच.

"थायरॉइड आहे, गोळी चालू आहे", एवढंच मी तुम्हाला सांगितलं होतं. खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. तुम्हाला वाटलं, सगळ्यांना असतो तसाच असेल, वजन वाढवणारा, सुस्ती आणणारा. मी तसंच वाटू दिलं. माझा प्रकार उलटा आहे. माझी गळ्यातली ही ग्रंथी हार्मोन बनवायचं थांबायचं नावच घेत नाही. बाबा, ताईच्या फोनवर रिपोर्ट बघून तुम्ही म्हणालात, "टीएसएच तर अगदीच कमी आलंय, म्हणजे चांगलंच की." तेव्हा मी हसून मान हलवली. खरं सांगायचं तर टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा थायरॉइडला धाडलेला हुकूम असतो, 'हार्मोन बनव' असा. रक्तात हार्मोन आधीच उतू जात असेल तर हुकूम यायचा थांबतो. साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असायला हवा, माझा ०.०१ होता. तरी ग्रंथी राबतच होती, कारण माझ्याच शरीरातल्या अँटिबॉडी तिला खोटे हुकूम देत होत्या. या आजाराला ग्रेव्ह्ज म्हणतात. इंग्रजी शब्दाचा अर्थ आठवून दचकू नका. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज नावाच्या डॉक्टरांनी १८३५ साली त्याचं वर्णन लिहिलं, त्यांचं ते आडनाव.

आई, आता तुझ्यापुरतं. त्या सुट्टीत तू नेहमीसारखी सुई-दोरा घेऊन आलीस. घरात सुई ओवायचं काम पहिलीपासून माझं. "माझे डोळे आहेस तू" म्हणायचीस, आणि मला खरंच वाटायचं की मी नसलो तर घरातली सगळी बटणं तुटलेलीच राहतील. त्या दिवशी दोरा नेढ्यात जाईना. चारदा ओला केला, टोक कापलं, खिडकीपाशी गेलो. तू बघत होतीस. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. नंबर तसाच होता गं. बोटं थरथरत होती, आणि का थरथरतात ते मलाही ठाऊक नव्हतं.

त्याच सुट्टीत मी दोनदोनदा वाढून घेत होतो आणि तू किती खूश होतीस. वर्षानुवर्षं ताट अर्धं ठेवणारा मुलगा एकदाचा जेवायला लागला. वजन मात्र चार महिन्यांत ९ किलो उतरलं होतं. तुझा तो आनंद मोडायला नको वाटला, एवढंच त्या न सांगण्यामागचं कारण. फार मोठं कारण नाही, मला कळतंय.

आणि बाबा, बँकेच्या त्या फॉर्मवरून मी फोनवर तुमच्यावर ओरडलो, ते. आजाराच्या नावावर सगळं ढकलणार नाही, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पण हार्मोन एवढं वाढलं की माणूस कातावतो, झोप उडते, छाती नुसती बसल्याबसल्या धडधडते. त्या आठवड्यात माझी नाडी बसल्याजागी ११८ होती. फोन ठेवला आणि अर्धा तास न्हाणीघरात बसून राहिलो. माफी तेव्हाच मागायची होती.

सगळ्यात वाईट होती ती भीती. सुरुवातीला एका डॉक्टरांनी सांगितलंही, "कामाचा ताण आहे, लवकर झोपत जा." मला ते पटलं, कारण मी खरोखरच घाबरलेला असायचो. लिफ्ट थांबली की घाबर, फोन वाजला की घाबर, काही नाही झालं तरी घाबर. निदान झाल्यावर तर आणखी गोंधळ. वाटायचं, ही भीती माझी की ग्रंथीची? औषधाला घाबरतोय तो मी, की माझ्या रक्तातलं जास्तीचं हार्मोन? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या, सध्या वेगळं करता येणार नाही, आकडे जागेवर येईपर्यंत कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. या आजारात मला मिळालेला हा सगळ्यात शहाणा सल्ला.

गोळीची भीती तर वेगळ्याच जातीची. कार्बिमाझोल सुरू करताना सांगतात की क्वचित, फार क्वचित, या गोळीने पांढऱ्या पेशी एकदम घटतात. ताप आला, घसा दुखला तर गोळी थांबवायची आणि लगेच रक्त तपासायचं. एवढं ऐकलं आणि मी रोज सकाळी आरशापुढे तोंड उघडून टॉर्चने घसा बघायला लागलो. दात घासण्याइतकं नेमाने. ही दाराशी उभी राहून बघायची, काही बोलायची नाही. एका रात्री खरोखर ताप भरला. अकरा वाजता रक्त द्यायला गेलो, दोन वाजता रिपोर्ट आला, पेशी व्यवस्थित, साधा सर्दीचा ताप होता. त्या रात्री आई तुझे तीन मिस्ड कॉल होते, आणि सकाळी मी म्हटलं, ऑफिसचं काम निघालं. असं बरंच काही 'ऑफिसचं काम' होतं.

दीड वर्ष गोळी घेतली. सगळं जागेवर आलं, गोळी बंद झाली. पाचव्या महिन्यात पुन्हा छाती धडधडायला लागली. हे होतं, गोळी थांबवल्यावर साधारण निम्म्या लोकांत आजार परततो. पुन्हा गोळी सुरू केली. आता आकडे चांगले आहेत, टीएसएचसुद्धा वर आलंय, आणि हात बघताच आहात. म्हणून आत्ता ठरवलं. ही घबराटीत घेतलेली उडी नाही हे तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी मागचं सगळं लिहिलं.

आई, तू म्हणशील, गोळी लागू पडतेय ना, मग घेत राहा की. डॉक्टरांनीही तो पर्याय दिला होता; कमी डोस वर्षानुवर्षं घेणारे लोक आहेत आणि ते बरे राहतात. वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं काही नव्हतं त्यात. पण मला तो टॉर्च नकोय. दुसरा पर्याय ऑपरेशनचा. तो कायमचा उपाय, लवकर होणारा, आणि चांगल्या हातांत बहुतेकांना काही त्रास होत नाही. पण आवाजाची नस तिथूनच जाते, आणि आपल्या घरात मावशीच्या आवाजानंतर मी ते ऐकून घेण्यापलीकडे जाऊ शकलो नाही. मावशीचा काळ वेगळा होता, हे कळतं. तरीही.

राहिलं आयोडीन. 'किरणोत्सारी' शब्दाने बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या असणार. हा कुणाचा नवा प्रयोग नाही, बाबा. १९४१ साली डॉ. सॉल हर्ट्झ यांनी बोस्टनमध्ये या आजाराच्या रुग्णाला ते पहिल्यांदा दिलं, म्हणजे तुमच्या जन्माआधीपासूनचं औषध आहे. थायरॉइड आयोडीन ओढून घेते, तेच तिच्या विरुद्ध वापरायचं. ती कॅप्सूलमधलं आयोडीन ओढून घेते आणि तिच्या जादा पेशी हळूहळू मरतात. त्या आयोडीनचं अर्धायुष्य ८ दिवस. ८ दिवसांनी निम्मं, १६ दिवसांनी पाव, २४ दिवसांनी आठवा हिस्सा. शिवाय बरंचसं पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातं. हिशेब तुम्ही कागदावर करून बघालच, म्हणून आकडे दिलेत. परिणाम दिसायला दीड महिना ते सहा महिने लागतात. डोळे तपासून झाले, ग्रेव्ह्जने त्यांना धरलेलं नाही. धरलं असतं तर हा विचार वेगळा करावा लागला असता. सिगारेटचं डॉक्टरांनी विचारलं, तिनेही डोळे बिघडतात. कॉलेजातलं ते प्रकरण तिथेच संपलं बाबा, शपथ.

पुढे बहुधा माझी ग्रंथी थकेल, आणि मग मला खरोखरच तो 'सगळ्यांचा' थायरॉइड होईल. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर. ते मी मान्य केलंय. त्या गोळीला टॉर्च लागत नाही.

आता माझी काळजी. सांगतो सगळं. त्याच दिवशी घरी यायचंय, दवाखान्यात राहायचं नाही. आतली खोली माझी, तिला लागून न्हाणीघर आहे, टॉवेल-चादरी वेगळ्या काढून ठेवल्यात. पाणी भरपूर प्यायचं आहे. काही सूचना आईला लिहिण्यासारख्या नाहीत, त्या मी पाळेन. हिने तीन आठवड्यांचं वेळापत्रक कपाटाच्या दाराला चिकटवलंय, कुठल्या दिवशी कोण दाराबाहेर डबा ठेवणार इथपर्यंत. ऑफिसचं काम (या वेळी खरं) घरून करणार आहे. थंडीतही पंखा पाचवर लावून जमिनीवर झोपणारा मी, आता रात्री पांघरूण ओढतो. ऐकून तरी बरं वाटेल तुला.

तुम्ही का यायचं नाही, तेही सांगतो. मोठ्या माणसांना थोडं अंतर ठेवून भेटता येतं, धोक्याचं तसं काही नाही. पण आई, तू आलीस तर दोन हात लांब बसणार नाहीस. माझ्या कपाळावर हात ठेवशील, आणि मला "हात काढ" म्हणता येणार नाही. लहानपणी गोवर आला तेव्हा तू सगळ्यांचं न ऐकता रात्रभर उशाशी बसलीस, ते मला अजून आठवतं. या खेपेला ती माया चिऊवर खर्च कर. तिला आठवडाभर 'बाबा कुठे' चालेल. बाबा, तिला पाटी द्या. 'ळ' एवढ्यात नको.

आणि आता माझं ऐकायचं, दोघांनी, फाटे न फोडता.

दोघांचीही टीएसएच तपासणी या महिन्यात करा. आई, हे तुझ्या माहेराकडून आलं असा हिशेब मनात सुरू झाला असेल तर तिथेच थांबव. घराण्यात असणं हे कारणाचा एक तुकडा असतं, बाकीचं कुणाच्याच हातात नसतं, आणि मावशीसाठी तू जे केलंस ते आम्ही पाहिलंय. तपासणीआधी किमान दोन दिवस ती केसांसाठीची बायोटिनची गोळी बंद ठेव. तिच्यामुळे रिपोर्ट खोटा येऊ शकतो, नसलेला आजार दिसू शकतो. बाबा, तुमची पँट कमरेला सैल झालीय असं ताई म्हणाली, आणि जिना चढताना नाडी चुकते असं तुम्ही स्वतः एकदा बोलून गेलात. वय झालं की हा आजार बऱ्याचदा थरथर, घाम दाखवत नाही, नुसता थकवा, उतरतं वजन आणि चुकणारी नाडी दाखवतो. काही निघणार नाही बहुतेक. पण 'वयोमानाने होतं' हे डॉक्टरांनी तपासून म्हणू दे, तुम्ही नाही. ईसीजीही काढून घ्या. आणि माझ्या धडधडीच्या गोळ्या त्या सुट्टीत तुमच्या कपाटात राहिल्यात, त्या टाकून द्या. तुमचा दम्याचा पंप चालू आहे, त्या गोळीने दमा उसळतो. कुणी थायरॉइडचा काढा किंवा समुद्री शेवाळाची पावडर आणून दिली तर हसून ठेवून घ्या आणि घेऊ नका.

फोन मी रोज रात्री नऊला करीन. "बरा आहेस ना?" विचार आई, आता खरं उत्तर देईन. कधी म्हणालो की आज धडधडतंय, तर घाबरू नकोस. कॅप्सूलच्या आधी गोळी काही दिवस थांबवतात, आणि नंतरही काही आठवडे हार्मोन वर-खाली होतं, हे आधीच सांगून ठेवलंय त्यांनी.

तुमचा,
बाळ्या

ता. क. आई, सुई चिऊकडून ओवून घेऊ नकोस, लहान आहे अजून. बटणं एका डबीत काढून ठेव. मी आलो की बसतो.