डायलिसिसच्या करारात नफा कुठे लपतो

मालवण

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

उपजिल्हा रुग्णालयातल्या डायलिसिस केंद्राच्या कराराचा मसुदा तुझ्या टेबलावर आला आहे. ‘कंपनीचा नफा खर्चाच्या १५ टक्क्यांहून जास्त नसावा’ एवढं कलम पुरेल का, असं तू विचारलंस. नाही पुरणार. ते कलम एकटंच घातलंस, तर खर्च फुगवण्यात कंपनीचा फायदाच होईल. एका डायलिसिसचा खर्च १,००० रुपये दाखवला तर नफा १५०. १,४०० दाखवला तर २१०. टक्का तोच, पण सरकारचे ४६० रुपये जास्त गेले. म्हणून नफ्याचा आकडा लिहिण्याआधी खर्चात काय धरायचं आणि काय नाही, ते लिही.

सगळ्यात आधी यंत्रांचं भाडं बघ. समज, यंत्र ७ लाखांचं आहे आणि ७ वर्षं चालतं. वर्षाचा घसारा १ लाख. दिवसाला तीन शिफ्ट आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९०० डायलिसिस होतात, म्हणजे एकामागे यंत्राचा खर्च १११ रुपये. तेच यंत्र कंपनीने आपल्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीकडून महिना २५,००० रुपये भाड्याने घेतलं, तर एकामागे ३३३ पडतात. वरचे २२२ रुपये नफाच आहे, पण कागदावर तो खर्च म्हणून बसतो. मग नफा-तोटा पत्रकात ४ टक्के नफा दाखवून कंपनी दरवाढ मागायला मोकळी. डायलायझरची (रक्त गाळणाऱ्या नळकांड्याची) खरेदी, सॉफ्टवेअरचं शुल्क, मुख्यालयाचा ‘व्यवस्थापन खर्च’ यांतूनही हेच करता येतं. त्यासाठी कलम असं हवं: एकाच मालकांच्या कंपन्यांमधल्या व्यवहारात मूळ खरेदी बिल किंवा बाजारभाव, यांतली कमी रक्कमच खर्चात धरली जाईल. केंद्राचं बँक खातं आणि हिशेब वेगळे ठेवायला लाव. महालेखापरीक्षकांना ते तपासण्याचा हक्क करारातच लिही, नाहीतर ‘खासगी कंपनीची वही’ म्हणून दार बंद होतं. नफ्याची मर्यादा खर्चावर न ठेवता कंपनीने प्रत्यक्ष गुंतवलेल्या भांडवलावर ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. मग बिल फुगवून काही हाती लागत नाही.

आता सरकार जे फुकट देतं त्याकडे ये. २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात वाटणी सरळ आहे: माणसं, यंत्रं, पाणी शुद्ध करणारा आरओ प्लँट, डायलायझर आणि बाकीचं साहित्य कंपनीचं, जागा, औषधं, वीज आणि पाणी सरकारचं. फुकट पाणी वाचवायची गरज कुणालाच वाटत नाही. डायलिसेटचा, म्हणजे रक्तातली घाण ओढून नेणाऱ्या द्रवाचा, प्रवाह मिनिटाला ५०० मिली, म्हणजे चार तासांत १२० लिटर. आरओने निम्मं पाणी बाहेर टाकलं तर लागतात २४० लिटर. दहा यंत्रं तीन शिफ्ट चालली की रोजचे ७,२०० लिटर, धुणंपुसणं वेगळं. आपल्या किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आरओचं मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, लवकर खराब होतं आणि वाया जाणारं पाणी आणखी वाढतं. मे महिन्यात वाडीवाडीत टँकर फिरत असताना हा टँकर कुणाच्या खर्चाने येणार, ते आत्ताच ठरव. पाण्याला आणि विजेला वेगळे मीटर लाव, एका डायलिसिसमागचे लिटर ठरव, वरचं पाणी कंपनीच्या खर्चाने.

दर बांधून दिला की दुसरा धोका सुरू होतो, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते, कारण तिथे बचत रुग्णाच्या शरीरातून होते. चार तासांचं डायलिसिस साडेतीन तासांत उरकलं जातं. डायलायझर पुन्हा वापरताना त्याचं आतलं आकारमान मूळच्या ८० टक्क्यांखाली गेलं की तो फेकायला हवा, तरी तो आणखी दोनदा चालवला जातो. कार्बन फिल्टर वेळेवर बदलला नाही तर पाणी निर्जंतुक करायला वापरलेलं क्लोरामाइन पाण्यातून रक्तापर्यंत पोचतं आणि तांबड्या पेशी फुटतात. हिपॅटायटिस बी असलेल्याला वेगळं यंत्र लागतं, म्हणून त्याला ‘जागा नाही’ सांगून परत पाठवलं जातं. यावर उपाय कागदाचाच आहे. सुरुवातीची आणि शेवटची वेळ तंत्रज्ञाच्या हातची नको, यंत्राच्या नोंदीतली घे. क्लोरामाइनची तपासणी प्रत्येक शिफ्टच्या आधी, मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. पाण्यातल्या जंतूंची तपासणी दर महिन्याला बाहेरच्या प्रयोगशाळेत, मर्यादा मिलिलिटरला १००. नोंद नसेल तर त्या डायलिसिसचे पैसे नाहीत.

दरात काय काय आलं याची यादी परिशिष्टात दे: सुया, ब्लडलाइन, हेपॅरिन, सलाइन, सगळं. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध किंमत प्राधिकरणाने हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० आणि औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली, ते फार मोठं काम झालं. पण बिलातली एकच ओळ बांधली की नफा शेजारच्या ओळीत जायला बघतो. डायलिसिसमध्ये ती शेजारची ओळ म्हणजे रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन आणि लोहाचं इंजेक्शन. रुग्णालयाच्या भांडारात ती संपली की रुग्णाच्या हातात बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी पडते. त्या वेळी कंपनीने ती सरकारी दराने आणावी आणि रुग्णालयाने भरपाई द्यावी, हे लिही.

जादा नफा परत घ्यायचा नमुना तयार आहे. आयुष्मान भारतच्या विमा पद्धतीत दाव्यांवरचा खर्च हप्त्याच्या ६० टक्क्यांहून कमी निघाला तर विमा कंपनीला प्रशासनापोटी १० टक्केच ठेवता येतात, उरलेलं ३० दिवसांत राज्याच्या यंत्रणेला परत द्यावं लागतं. तसंच कलम घे, मुदतीसकट.

पण गो बाय, सरकारनेही बिलं वेळेवर द्यायला हवीत. सहा महिने थकलेल्या बिलावर १२ टक्क्यांनी ६ टक्के व्याज होतं, आणि कंपनी ते पुढच्या निविदेच्या दरात आधीच धरते. ३० दिवसांत बिल किंवा व्याज, असं मान्य कर आणि मग नफ्यावर बोट ठेव.

काम सोडून जायचं कलम मसुद्यात असेलच, पण ते नीट वाच. डायलिसिस आठवडाभर बंद ठेवता येत नाही, म्हणून ‘उद्यापासून बंद’ या एका वाक्यावर कंपनी हवा तो दर मागू शकते. १८० दिवसांची नोटीस, यंत्रं घसारा वजा जाता किमतीत विकत घ्यायचा सरकारचा हक्क, आणि आरओ प्लँट जागचा हलवायचा नाही.

शिफ्टच्या वेळा एसटी डेपोशी बोलून ठरव. आठवड्यातून दोनदा म्हटलं तरी एका रुग्णाच्या वर्षाला १०४ खेपा होतात. शेवटची शिफ्ट वस्तीची गाडी सुटल्यावर संपली तर रिक्षाचं भाडं त्याच्याच खिशातून जाईल. मसुद्यातलं यंत्रांच्या भाड्याचं कलम आणि परिशिष्ट निविदापूर्व बैठकीच्या आधी मला पाठव, आकडे तपासून कळवते.

तुझी,
आई