लोथलची इमारत होईल हो, पण आतल्या वस्तू कोण जपणार? मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

माननीय केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक आणि जलमार्ग मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी मुंबईची. म्युझियममधल्या वस्तूंचं कॉन्झर्वेशन करते, म्हणजे जे गंजलंय, फुटलंय, वाळवीने खाल्लंय ते आणखी बिघडू नये म्हणून जे करता येईल ते करत राहायचं, हेच माझं काम. गुजरातेत लोथलला, जिथे हडप्पा काळातलं बंदर सापडलं, राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभं राहतंय, ऑक्टोबर 2024 मध्ये कॅबिनेटने मंजुरी दिली तेव्हा मला खरंच खूप आनंद झाला होता, कारण आपल्याकडे समुद्राचा इतिहास सांगणारं एवढं मोठं काही होतंय हेच किती वर्षांनी ऐकत होते. पत्र मराठीत लिहितेय कारण मनापासून लिहायचं तर मराठीतच जमतं, आणि दुसरं म्हणजे विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका आमच्या मुंबईत मोडली गेली.

1961 साली नौदलात आलेली, 71 च्या युद्धात लढलेली, 1997 ला निवृत्त झालेली विक्रांत. मग मुंबईत तिचं म्युझियम झालं, शाळेच्या पोरांच्या रांगा लागायच्या, आणि 2012 मध्ये ती लोकांसाठी सुरक्षित नाही म्हणून बंद करावी लागली. 2014 च्या शेवटी दारूखान्यात, म्हणजे मुंबईत जिथे जुनी जहाजं तोडतात तिथे, तिच्यावर गॅस कटर चालला. तिला म्युझियम करायचं असं सगळेच म्हणत होते, पण दर वर्षी तिची डागडुजी कोणी आणि कुठल्या पैशाने करायची हे शेवटपर्यंत ठरलंच नाही. पुढे तिचं लोखंड वापरून मोटारसायकली निघाल्या, अजूनही एखादी सिग्नलला शेजारी येऊन थांबली की पोटात कालवतं.

आता लोथलला निशंक ही मिसाईल बोट येणार, सी हॅरियर विमान येणार, जुनं हेलिकॉप्टर येणार. निशंक 1989 ची, 2022 मध्ये निवृत्त झाली, म्हणजे तेहतीस वर्षं खाऱ्या पाण्यात काढलेलं जहाज आहे ते. आणि लोथल ज्या भाल भागात आहे तिथली जमीन कशी आहे हे तुमच्या इंजिनिअरांना मी सांगायला नको, खंबातचं आखात जवळ, माती खारी, पावसाळ्यात पाणी साचतं. जहाज पाण्याबाहेर काढून जमिनीवर ठेवलं की सुटलो असं वाटतं, तसं नसतं हो. रंगाच्या खाली, सांध्यांत, डेकच्या कोपऱ्यांत जिथे पावसाचं पाणी थांबतं तिथे गंज आतून पोखरत राहतो आणि वरून सगळं छान दिसत असतं.

एक अनुभव सांगते. शिकत होते तेव्हा एका छोट्या म्युझियममध्ये (नाव सांगत नाही) एक लोखंडी तोफगोळा होता, कोळ्यांच्या जाळ्यात आलेला. कोणीतरी चांगल्या मनाने तारेच्या ब्रशने घासून, व्हार्निश मारून शोकेसमध्ये ठेवला होता, खाली पांढरं कापड. जूनमध्ये त्याच्यावर घाम यावा तसे तपकिरी थेंब दिसायला लागले, आमच्या कामात याला लोखंड रडतं असं म्हणतात. ऑगस्टमध्ये त्याचं वरचं साल कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटून कापडावर पडलं. समुद्रात असताना लोखंडात मुरलेलं मीठ तसंच आत होतं, हवेतला दमटपणा मिळाला की ते पुन्हा कामाला लागतं. ते बाहेर काढायला वस्तू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात कित्येक महिने, मोठी असेल तर वर्षं बुडवून ठेवावी लागते, द्रावण बदलत, मीठ किती उतरलं ते मोजत. त्याला टाक्या लागतात, लॅब लागते, रोज बघणारा माणूस लागतो. तिथे यातलं काहीच नव्हतं, आणि संध्याकाळी तिकीट खिडकी बंद झाली की बिल वाचवायला एसीही बंद व्हायचा, त्यामुळे रोज रात्री दमटपणा वर, रोज सकाळी खाली.

आणि हे फक्त गरीब म्युझियमचं दुखणं नाही. स्वीडनचं वासा जहाज बघा, 1628 ला बुडालं, 1961 ला वर काढलं, सतरा वर्षं त्याच्या लाकडावर पीईजी नावाचं मेणासारखं रसायन फवारलं. तरी 2000 च्या पावसाळी उन्हाळ्यात प्रेक्षक ओल्या कपड्यांनी आत येत राहिले, हॉलमधला दमटपणा वाढला आणि लाकडावर क्षारांचे डाग फुटले, तपासलं तर आत सल्फ्युरिक अ‍ॅसिड तयार झालेलं. मग अख्खी हवा नियंत्रित करायची यंत्रणा नव्याने बसवावी लागली. तिकडच्या उन्हाळ्यात ही गत, तर लोथलच्या जुलैमध्ये हजारो माणसं आत-बाहेर करतील तेव्हा काय होईल याचा हिशोब इमारतीच्या नकाशातच असायला हवा, नंतर भिंती फोडून नाही.

साहेब, मला काळजी वाटते ती पैशाच्या वाटेची. पुढच्या टप्प्यांसाठी देणग्या आणि खाजगी भागीदारीतून पैसे उभे करायचे असं ठरलंय. संकुलातल्या दीपगृहाला देणगीदार मिळेल, गॅलरीला मिळेल, कारण तिथे नावाची पाटी लागते. स्टोअरमधल्या डीह्युमिडिफायरला, म्हणजे हवेतला दमटपणा काढणाऱ्या यंत्राला, कोण देणगी देणार? वस्तू साफ करणाऱ्या मुलीच्या पगाराला कोण देणार? म्हणून हा खर्च देणगीवर सोडू नका. संकुल चालवायला जी सोसायटी होणार आहे तिच्या गव्हर्निंग कौन्सिलचे प्रमुख बंदरे मंत्री म्हणून तुम्हीच असणार, म्हणूनच हे पत्र तुम्हाला. पहिल्याच बैठकीत ठरवा, की गॅलरी उघडायच्या आधी लॅब आणि स्टोअर सुरू होईल, कॉन्झर्वेटर कंत्राटी नाही तर कायमचे असतील, आणि निशंकच्या डागडुजीसाठी दर वर्षी ठराविक रक्कम बाजूला काढली जाईल. ती रक्कम किती आणि खर्च किती झाली हे वेबसाईटवर टाका, आम्ही वाचू.

माणसं आहेत आपल्याकडे. विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी 2002 पासून किनाऱ्यावर लोक बघतायत, निवृत्त नौसैनिक स्वतः आत फिरवून दाखवतात. गोव्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत द्वारकेच्या समुद्रातले दगडी नांगर अभ्यासलेली मंडळी आहेत, ज्या एस. आर. राव यांनी 1955 पासून लोथल खणून काढलं त्यांनीच पुढे तिथे हे काम उभं केलं. त्यांच्याशी बोला, नकाशे फायनल व्हायच्या आत बोला.

तो तोफगोळा नंतर आम्ही सोड्यात घातला. त्याचं वजन केलं, सुटलेले पापुद्रे वेगळ्या डबीत ठेवले, डबीवर तारीख टाकली. आता तो सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात आहे, आधीपेक्षा लहान झालाय, त्याच्यावरची साच्याची रेघ मात्र गेली, ती आता फक्त जुन्या फोटोत दिसते.

कळावे,
आपली,
मुंबईची एक कॉन्झर्वेटर