कलावतीच्या सहीशिवाय विसार नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हॉलिवूडमधील नामवंत अभिनेत्रींच्या व्यवस्थापक पतींवर आलेला लेख वाचला. पत्नीचे करार, तारखा, प्रवास आणि पैसा सांभाळणाऱ्या या पुरुषांचे कष्ट लेखकाने आपुलकीने मांडले आहेत, आणि ते कष्ट खरेही आहेत. १९५० मध्ये एमजीएम या चित्रपट कंपनीने अभिनेत्री-गायिका जूडी गारलँड यांच्याशी असलेला करार संपवल्यावर त्यांना पुन्हा रंगमंचावर उभे करण्यात त्यांचे व्यवस्थापक सिड लुफ्ट यांचा मोठा वाटा होता. १९५१ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरात सुरू झालेले त्यांचे प्रयोग एकोणीस आठवडे चालले आणि पुढच्याच वर्षी दोघे विवाहबद्ध झाले. मात्र मार्टिन मेल्चर यांचा उल्लेख लेखकाने एका ओळीत उरकला, हे मला खटकले.

मेल्चर हे हॉलिवूडच्या अभिनेत्री-गायिका डॉरिस डे यांचे पती. ३ एप्रिल १९५१ रोजी, डॉरिसबाईंच्या वाढदिवशीच, त्यांचे लग्न झाले आणि पुढील सतरा वर्षे पती, व्यवस्थापक आणि बऱ्याच चित्रपटांचे निर्माते या तिन्ही नात्यांनी मेल्चर त्यांच्यासोबत राहिले. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात तिकीटबारीवर या बाईंचे नाव अव्वल होते. एप्रिल १९६८ मध्ये मेल्चर वारले, तेव्हा डॉरिसबाईंना समजले की आयुष्यभराची कमाई संपलेली आहे आणि डोक्यावर कर्ज आहे. जेरोम रोझेन्थाल या वकिलाच्या हातून तो पैसा तेलविहिरी, हॉटेले अशा ठिकाणी गुंतवला जाऊन बुडाला होता. त्याहून वाईट म्हणजे सीबीएस वाहिनीवरील एका मालिकेसाठी त्यांना न विचारताच त्यांच्या नावाने शब्द दिला गेला होता. वैधव्याच्या पहिल्याच वर्षी त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि १९७३ पर्यंत ती मालिका त्यांनी निभावली. १९७४ मध्ये न्यायालयाने रोझेन्थालविरुद्ध सव्वादोन कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा निकाल दिला, पण प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम त्याहून बरीच कमी होती. मेल्चर यांनी फसवले की तेही फसले, हा वाद आजही मिटलेला नाही. मला तो दुय्यम वाटतो, कारण दोन्ही बाबतींत हिशेबाची वही बाईंसमोर उघडली गेली नव्हती, एवढे नक्की.

हे मी दूरदेशीची कथा म्हणून लिहीत नाही. मी सांगलीच्या गणपती पेठेतील व्यापाऱ्यांच्या वह्या लिहिण्यात पस्तीस वर्षे घालवली. काही वर्षांपूर्वी मिरज तालुक्यातील एक गायिका माझ्याकडे आल्या. पती नुकतेच वारले होते. कार्यक्रमांची बोलणी, बिदागी, वादकांचे पैसे, सारे तेच पाहत. दहाव्याच्या दिवशीच दोन गावांच्या यात्रा कमिट्यांची माणसे दारात आली होती, आणि त्यांच्या हातात विसाराच्या चिठ्ठ्या होत्या, दोन्ही एकाच रात्रीच्या. सही पतीची, नाव बाईंचे. विसाराचा पैसा कुठे गेला ते घरात कोणालाच माहीत नव्हते. शाळेच्या शंभर पानी वहीत त्यांनी मला दाखवलेल्या नोंदींत तारखा होत्या, गावे होती, रकमेचा रकाना मात्र कोरा होता. ‘ह्यांनी कधी सांगितलं न्हाई आन् मी कधी इचारलं न्हाई,’ एवढेच त्या म्हणाल्या. एका गावाला त्या सुतकातच गाऊन आल्या आणि दुसऱ्याचा विसार त्यांनी बांगड्या मोडून परत केला. ते पती लबाड होते असे मी कदापि म्हणणार नाही. त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते, इतकेच.

हॉलिवूड ज्या राज्यात आहे त्या कॅलिफोर्नियात कलावंतांना काम मिळवून देणाऱ्या एजंटाला राज्याचा परवाना लागतो, मॅनेजरला लागत नाही; तो केवळ विश्वासाचा माणूस असतो. तोच नवरा असेल तर हिशेब मागणे म्हणजे संसारावर संशय घेणे, असे वाटू लागते. आमच्याच जिल्ह्यातील नागठाण्याच्या बालगंधर्वांची नाटक मंडळी कर्जात बुडाली, ते कर्जही त्यांना अखेर स्वतःच्या गळ्यावरच फेडावे लागले. व्यवहार कोणीही बघो, वसुली कलावंताच्या कष्टातूनच होते.

म्हणून माझी सांगली-साताऱ्याच्या यात्रा कमिट्यांना आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळांना कळकळीची विनंती आहे. यंदाच्या चैत्रातील सुपाऱ्या ठरवताना विसाराच्या पावतीवर कलावतीची स्वतःची सही घ्यावी, पावतीची एक प्रत तिच्या हाती द्यावी आणि बिदागी तिच्याच नावाच्या बँक खात्यात भरावी. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनी विष्णुदास भावे पदकाच्या निमित्ताने येथे राज्यभरातील रंगकर्मी एकत्र येतात. त्या दिवसांत करार कसा वाचावा आणि वही कशी ठेवावी यावर तासाभराचे मार्गदर्शन ठेवले, तर ते मी विनामोबदला करीन.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस,
विश्रामबाग, सांगली