टोपी, कानटोपी आणि खोकला

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

सॅलिंजरच्या कादंबरीतल्या होल्डनच्या टोपीवरचा तुझा लेख मिळाला. वाचला, मग ती कादंबरी, 'द कॅचर इन द राय', पुन्हा काढून बसले, आणि आता लिहायला घेतलंय. खोकल्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलंय. तुझ्या रूममेटने फोन केला नसता तर मला कळलंही नसतं, पण ते असो.

लेख चांगला झालाय. तलवारबाजीच्या संघाचं सामान सबवेत विसरल्यावर, सगळा संघ चिडलेला असताना, होल्डन एका डॉलरला ती लाल शिकारी टोपी घेतो, हे तू नेमकं पकडलंस. टोपीचा लाल आणि त्याच्या गेलेल्या धाकट्या भावाच्या, ॲलीच्या केसांचा लाल, हेही. हॉटेलात शिरताना लोक वेडा म्हणतील म्हणून तो ती काढतो, त्यावरचा परिच्छेद तर मी नानांना मोठ्याने वाचून दाखवला. "पोरगं लिहितं बरं," म्हणाले. इंजिनिअरिंगचं नाव काढलं नाही. तेवढ्यावरून समज.

पण 'टोपी म्हणजे वेगळेपणाचं प्रतीक' हे जरा गाइडातलं वाटतं. तेरावं प्रकरण बघ. हातमोजे चोरीला गेलेत, रात्री कडाक्याच्या थंडीत तो पायी निघालाय, आणि टोपीच्या कानपट्ट्या खाली ओढतो. कसा का दिसेना, म्हणतो. प्रतीक नंतर, आधी कान! सोळा वर्षांच्या पोराला जे कळलं ते तुला कळू नये? मी पाठवलेली कानटोपी बॅगेच्या तळाशी पडलीये, हेही रूममेटनेच सांगितलं. टोपीवर पानंच्या पानं लिहायची आणि दिल्लीच्या थंडीत ओल्या केसांनी बाहेर पडायचं! रंग आवडला नसेल. होल्डनच्या आईनेही भलतेच स्केट्स पाठवले होते. पण बॅग भरताना ते बघून त्याला गलबलून आलं होतं.

झाली माझी शिकवणी सुरू. जन्मभर दहावीच्या वर्गावर हेच केलं, राग मानू नकोस.

भुसावळच्या क्वार्टरमध्ये तुला रात्री आडवं केलं की छातीत शिट्टी वाजायची. मी खांद्यावर उभं धरून बसायचे. नाना ड्यूटीवरून आले की तव्यावर ओवा गरम करून पुरचुंडीने शेकायचे, आणि तू ऐटीत सांगायचास, "माझ्यात इंजिन आहे." हसू यायचं रे, पण डोळा लागायचा नाही. रूममेट म्हणाला "रात्री फार खोकतो", तेव्हा मला तेच ऐकू आलं.

तुझ्या लेखात एक प्रसंग नाही. होल्डन चोरून घरी येतो, धाकट्या बहिणीशी, फीबीशी बोलत बसतो. आईवडील परततात, तो कपाटात लपतो. आई खोलीत येते, सिगारेटचा वास आला म्हणून विचारते. फीबी स्वतःवर घेते. पोरगा दोन हातांवर, आणि आईला पत्ता नाही. ती गेल्यावर निघताना तो खिशातली टोपी काढून फीबीला देतो. आईपासून लपला तो, आणि टोपी मिळाली बहिणीला. मला तरी त्या कपाटाशिवाय टोपी समजत नाही. त्या रविवारी फोनवर तू "मजेत आहे" म्हणालास, तेव्हा अंगात १०२ ताप होता. तूही कपाटातूनच बोलत होतास ना?

आपल्या खानदेशातला, नेमाड्यांच्या 'कोसला' कादंबरीतला पांडुरंग बघ. होल्डनचा ॲली गेला तशी त्याची बहीण, मनी, देवीच्या रोगाने जाते, तोही घरापासून तुटत जातो. १९६३ सालच्या 'कोसला'ला लोक होल्डनच्या शेजारी ठेवतात ते उगीच नाही. पण पांडुरंग निदान गावी तरी परत येतो. नाताळची सुट्टी किती आहे तुला?

आणखी एक. शेवटी फीबी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवते, पाऊस येतो, बाकीचे आडोशाला पळतात आणि हा बसून भिजतो. तुझं 'टोपीने त्याला वाचवलं' हे वाक्य सुंदर आहे. पण पहिल्याच प्रकरणात त्याने सांगितलंय, मला जवळजवळ टीबीच झाला होता. हे निदान तळटीपेत तरी घे.

मावशी पुढच्या आठवड्यात झेलम एक्स्प्रेसने दिल्लीला येतेय. तिच्याबरोबर ओवा आणि सुंठीच्या वड्या देते. तिची वाट न बघता उद्याच छातीचा एक्स-रे काढ आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव. नानांना नको, ते रात्रभर बसून राहतील.

तुझी,
आई