बी विंगच्या बाहेरच्या भिंतीची गळती आणि मुलांचा खोकला

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
डोंबिवली (पूर्व)

सप्रेम नमस्कार.

गळतीबद्दलचा हा माझा तिसरा अर्ज. आधीच्या दोन्ही अर्जांत मी पोपडे आणि रंगाचं लिहिलं होतं. ते दिसण्यापुरतं वाटलं असेल, म्हणून या वेळी मुलीच्या छातीबद्दल लिहितो.

तिचा पलंग पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे. गणपतीत कपाट पुढे ओढलं तर मागे पंज्याएवढे बुरशीचे काळे डाग आणि शाळेच्या स्वेटरला कुबट वास. त्याआधी महिना-दीड महिना ती पहाटे तीनच्या सुमाराला खोकत उठायची. आम्ही हवा बदलल्यामुळे असेल म्हणत राहिलो. मग आठवडाभर आजीकडे गावी राहिली, तिथे एकदाही उठली नाही. परत आल्यावर दुसऱ्याच रात्री नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) काढावा लागला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात ओल आहे का?" मुलांच्या श्वासनलिका मुळात अरुंद, थोडी सूज आली तरी वाट निम्मी होते. शिवाय मोठ्यांपेक्षा त्यांचा श्वास भरभर चालतो, म्हणजे वजनाच्या मानाने ती खोलीतली हवा जास्त ओढतात. ओल आणि बुरशीच्या घरात दमा व श्वसनाच्या तक्रारी वाढतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच सांगितलं आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेलला २०२० मध्ये दोन वर्षांचा मुलगा दगावला, तो घरातल्या बुरशीमुळेच, असा निष्कर्ष तिथल्या चौकशीत निघाला. तिथेही आई-वडिलांच्या तक्रारी आधीपासून होत्या.

आमच्याही चुका होत्या. रात्री बंद खोलीत डासांची कॉइल लावायचो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचं वाचलं, त्या दिवसापासून मच्छरदाणी लावतो. अगरबत्ती गॅलरीत गेली. भिंत आतून दोनदा रंगवली, स्वखर्चाने. दोन्ही वेळा पहिल्याच मोठ्या पावसात फुगली, कारण पाणी बाहेरून येतंय: सज्जाखालच्या भेगेतून आणि ड्रेनेज पाइपच्या सांध्यातून. सभेत "खिडक्या उघड्या ठेवत जा" असा सल्ला मिळाला. ठेवतो. पण सकाळी खाली पालापाचोळा जाळतात, तो धूर आधी आमच्याच खोलीत येतो. तेवढं तरी उद्यापासून थांबवावं.

पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपची गळती आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सोसायटीच्या खर्चात येते. दिवाळीनंतर परांची बांधून भेग, प्लास्टर आणि पाइपचे सांधे एकदमच करून घ्यावेत. त्याच पाइपवर वरच्या आणि खालच्या घरांतही लहान मुलं आहेत.

रविवारी सकाळी समितीतल्या कोणीतरी पाहायला यावं, ही विनंती. कपाट पुढे ओढूनच ठेवलंय. मागे अंधार असतो, येताना बॅटरी आणावी.

आपला,
बी विंग, तिसऱ्या मजल्यावरील सभासद