ओझूंच्या टोक्योवर अन्याय नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांच्या ‘टोक्यो-गा’ (१९८५) या माहितीपटावरील लेख वाचला. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या चित्रपटांमुळे मनात घर करून राहिलेले टोक्यो शोधायला वेंडर्स १९८३ मध्ये तेथे गेले, पण त्यांना पाचिंकोच्या (छोट्या गोळ्या उडवून खेळायच्या जपानी खेळाच्या) यंत्रांपुढे तासन्‌तास बसलेली माणसे आणि जाळ्यांच्या आत गोल्फचा सराव करणारे लोकच अधिक दिसले, हे लेखातील म्हणणे माहितीपटाला धरूनच आहे. मात्र त्यावरून ओझूंचे शहर नाहीसे झाले, असा जो निष्कर्ष काढला आहे, तो मला पटत नाही.

ओझूंनी १९५२ मध्येच ‘द फ्लेवर ऑफ ग्रीन टी ओव्हर राइस’मध्ये पाचिंकोचे दुकान दाखवले होते आणि त्याच्या मालकाची भूमिका त्यांचे आवडते नट चिशू र्‍यू यांनी केली होती. ‘ॲन ऑटम आफ्टरनून’ (१९६२) या त्यांच्या शेवटच्या चित्रपटात तर फ्रिजसाठी म्हणून वडिलांकडून उसने घेतलेल्या पैशांतच गोल्फच्या काठ्यांची सोय लावू पाहणारा मुलगा, आणि त्यावरून त्याची बायकोशी होणारी कुरबुर, हा सारा प्रसंग बहिणीच्या लग्नाच्या चिंतेइतक्याच आस्थेने येतो. बदलते टोक्यो ओझूंच्या घराघरांत आधीच शिरलेले होते.

‘टोक्यो-गा’चे खरे मोल मला युहारू अत्सुता यांच्या मुलाखतीत दिसते. आधी साहाय्यक आणि नंतर छायाचित्रकार म्हणून अनेक वर्षे ओझूंबरोबर काम केलेले हे वृद्ध गृहस्थ जमिनीलगत कॅमेरा कसा लावत, पन्नास मिलिमीटरच्या लेन्सवर ओझूंचा किती भरवसा होता, दृश्याची लांबी मोजायला ओझू कोणते स्टॉपवॉच वापरत, हे सारे हातांनी दाखवत सांगतात, आणि शेवटी ओझूंच्या आठवणीने रडू अनावर होऊन, आपल्याला एकटे सोडा, अशी विनंती करतात. लेखात या मुलाखतीला एकच ओळ मिळाली, याची रुखरुख वाटते.

पुण्या-मुंबईच्या फिल्म सोसायट्यांनी हा माहितीपट दाखवताना त्याच्या आधी ‘ॲन ऑटम आफ्टरनून’ अवश्य दाखवावा, आणि आपल्या पुरवणीने अत्सुतांवर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे